ठासणीचे आबा

आबांना एक प्रश्न कधीही विचारू नये. तो म्हणजे, "बंदूक भरलेली आहे का?"

साध्या माणसाला वाटतं, याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं असणार. काडतुसाची बंदूक बाळगणाऱ्यांकडे ते तसं असतंही. खटका दाबला, नळी मोडली, आत डोकावलं, संपलं. आबांची बंदूक ठासणीची. तिला मागून दार नाही. जे आत जायचं ते तोंडातून जायचं आणि जे बाहेर यायचं तेही तोंडातूनच. त्यामुळे आत काय आहे ते वरून कोणालाही दिसत नाही, आणि आबांच्या मते हाच तिचा खानदानीपणा. प्रश्न कानावर पडला की ते बंदूक खुंटीवरून उतरवतात, ठिणगी देणारी केप लावलेली नाही ना ते बघतात, दस्ता जमिनीला टेकवतात, तोंड माणसांपासून दूर माडांच्या शेंड्यांकडे कलतं करतात आणि नळीत गज सोडतात. नळी रिकामी असेल तर गज तळाला जाऊन 'ठण्ण' वाजतो आणि त्याचं टोक तोंडाच्या काठाशी येऊन थांबतं. आत बार असेल तर आवाज बद्द येतो आणि गज चार बोटं वर उरतो.

इथवर सगळं दोन मिनिटांत आटोपतं. धोका यानंतर आहे.

"समाजला?" आबा विचारतात. आपण मान हलवतो. मग ते 1863 सालच्या अमेरिकेत शिरतात. गेटिसबर्गची लढाई संपल्यावर मैदानातून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्याच निघाल्या. त्यांतही निम्म्यांत बारावर बार चढवलेला, आणि एकीत तर तब्बल 23 बार एकावर एक. गोंगाटात केप फुसकी निघालेली शिपायाला कळत नसे. आपला बार उडाला असं समजून तो वरून दुसरा ठासायचा. हे आकडे आबांना पेनसिल्व्हेनियातल्या पुतण्याने सांगितले. गावाचं नाव आबांच्या तोंडी 'गेटिसबाग' असं येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते कुडाळ आणि कणकवलीच्या मधेच कुठेतरी असावं असं वाटतं.

"तेवीस येळा भरली आणि येकदाय उडवली नाय!" आबा म्हणतात. "तो शिपाय आमच्याच हयलो असतलो."

ऐकणारा हसतो. आबा हसत नाहीत. त्यांना त्या शिपायाबद्दल आदर आहे.

सिंधुदुर्गात फिरलं की दर चार-दोन गावांमागे असा एक माणूस सापडतो. वय सत्तरीच्या पुढे, काजू आणि माडांची थोडी बागायत, शेतीसंरक्षणाचा जुना परवाना आणि आजा-पणजापासून चालत आलेली नळी. हा शिकारी नव्हे. शिकाऱ्याची जात वेगळी. शिकारी बोलत नाही, त्याला बरंच काही लपवायचं असतं. ठासणीवाला बोलतो. लपवण्याजोगं त्याच्या हातून काही घडलेलंच नसतं.

आबांची बंदूक उभी केली तर त्यांच्या नातवापेक्षा उंच भरते. एक नळी, आतून गुळगुळीत, पेच नसलेली. घोड्याचं डोकं झिजलेलं, दस्त्याला एका ठिकाणी पितळी पट्टी ठोकलेली. ती कोणी घडवली यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही आबांचीच आहेत. पाहुणा पुण्यामुंबईचा असेल तर ती संस्थानच्या काळातली निघते. पाहुणा पोलीस खात्यातला असेल तर ती परवान्यात लिहिली आहे तेवढीच असते.

कायद्याला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 वाचावं. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं त्यात आहे. तिचं नाव घेऊन आहे. आबांनी तो परिच्छेद वकिलाकडून मराठीत करून घेऊन परवान्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. पण त्याखालीच एक परंतुक आहे. या कामी ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देऊ शकतो. हा मजकूर आबांनी मराठीत करून घेतलेला नाही. तो त्यांना वकिलाने तोंडी सांगितला आणि तेव्हापासून त्या वकिलाशी बोलणं कमी झालं आहे.

"पुरेशी पडत नाय म्हणजे? कोणाक पडत नाय? डुकराक जावन विचारल्यानी काय तेंनी?"

डुकराला विचारलं असतं तर त्याने कायद्याच्या बाजूने साक्ष दिली असती, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

समजा, फाल्गुनातली सकाळ आहे. काजूची बोंडं पिवळी-तांबडी झाली आहेत. वरच्या भरडावरून वानरांचा कळप उतरतो, आणि काकी, म्हणजे आबांच्या पत्नी, मागच्या दारातून हाक देतात, "अवो, आयकलास? वांदर इले!" अशा वेळी दुसरा कोणी दगड घेऊन धावला असता. आबा उठतात, तोंड धुतात आणि पडवीत पाट मांडतात.

पहिली गोष्ट, नळी तेलकट आहे. पावसाळाभर आणि त्यानंतरही खोबरेल पाजलेली. तेल निपलाच्या भोकात उतरलं असेल तर केपेची ठिणगी दारूपर्यंत पोचणार नाही. म्हणून बार भरायच्या आधी नुसती केप लावून एकदा उडवायची. टप्प असा लहानसा आवाज होतो. नाटकाची पहिली घंटा म्हणतात ती ही. वानरं माना वर करतात, बघतात आणि पुन्हा बोंडांकडे वळतात. प्रयोगाला अजून अवकाश आहे हे त्यांना कळतं.

मग दारू. ही काळी दारू, जुन्या घडणीची. सोरा 75, कोळसा 15, गंधक 10, हे प्रमाण आबा पाढ्यासारखं म्हणतात. घरी करायची मनाई आहे आणि त्यांनी ती कधी केलेलीही नाही. परवाना दाखवून परवान्यावर लिहिली असेल तेवढीच आणायची. पण दुकानातून आणलेल्या वस्तूचं ज्ञान दुकानदारापेक्षा आपल्याला जास्त असावं, हा त्यांचा स्वभाव. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी जागी असली तर अख्खा डबा हातात उडेल. म्हणून ती पितळी मापात घ्यायची, माप बोटाने सपाट करायचं, डबा झाकण लावून हातभर लांब ठेवायचा आणि मगच मापातली दारू नळीत सोडायची. नळीवर दोन चापट्या मारायच्या, म्हणजे दारू तळाला बसते. यात काही चूक नाही. उलट इतकं काटेकोर काम वाडीत दुसरं कोणी करत असेल तर ते पोस्टमनचं. फक्त एवढ्यात एका माडाखाली तीन शहाळी पडलेली असतात.

दारूवर बोळा. परंपरेने काथ्याचा. पण काथ्या बाराबरोबर बाहेर पडतो तो धुमसत पडतो, आणि फाल्गुन-चैत्रात काजूखालचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं. एका वर्षी असाच एक बोळा शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीवर जाऊन बसला. वानरं सुखरूप राहिली, उडवी गेली. त्या वादात आबांनी बोळ्याचं अंतर पावलांनी मोजून दाखवलं आणि इतक्या लांब बोळा जातो म्हणजे बार किती घट्ट बसला होता ते शेजाऱ्याच्या ध्यानात आणून दिलं. शेजाऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही. तेव्हापासून आबा वर्तमानपत्राचा कागद किंचित ओलसर करून वापरतात. अग्रलेखाचं पान चांगलं, असं त्यांचं मत आहे. का ते त्यांनी सांगितलेलं नाही, आणि मीही या धंद्यातला असल्यामुळे विचारलेलं नाही.

आता ठासणं. बाहेरच्यांना वाटतं की ठासणं म्हणजे धपाधप कुटणं. आबांना याचा खरा संताप आहे. दारू कुटली तर तिचे कण मोडतात आणि दर बाराला जोर निराळा लागतो. गज दोन हातांनी दाबत न्यायचा, एकाच नेटाने, बोळा दारूवर टेकेपर्यंत. मधे पोकळी राहता कामा नये. दारू आणि वरचा भार यांच्यामध्ये जागा राहिली तर नळी तिथे फुगते, कधी फुटतेही. बोळा नीट बसला की मग गज हातभर वर उचलून हलकेच सोडायचा. तो वर उसळला पाहिजे.

"गज उडूक व्हयो," आबा म्हणतात आणि कान देऊन ऐकतात. हा आवाज म्हणजे दुसरी घंटा. कळपातली म्हातारी वानरीण तोपर्यंत पोरांना गोळा करते. तिलाही गज उडालेला कळतो. वाडीत तो ओळखणारे दोघंच, एक आबा आणि दुसरी ती.

यानंतर छरे. पण छऱ्यांच्या ठिकाणी भारत सरकार उभं आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय रानातल्या जनावरावर छरा टाकता येत नाही. वानरावर नाही, डुकरावर नाही, आणि गव्याचं तर नावच नको. आबा कायदा पाळतात. त्यामुळे छऱ्यांची बाटली पाटावर येते, हातात धरली जाते, उजेडात बघितली जाते आणि जागेवर जाते. मग वरून आणखी एक अग्रलेख ठासला जातो. म्हणजे एवढी सगळी विद्या, एवढी सावधगिरी, पणजोबांची नळी, भारत सरकारचं कलम, हे सारं शेवटी एका आवाजासाठी. तोच आवाज पुढच्या वाडीतला पोरगा सुतळी बॉम्बने काढतो. हे आबांना कोणी सुचवलं की ते बॉम्बकडे न बघता म्हणतात, "त्यात समजूचा काय आसा?"

माणूस कळतो तो या एका वाक्यात. आबांना आवाज नकोच आहे. आवाजाच्या आधीचं सगळं हवं आहे.

आता केप. घोडा अर्ध्यावर ओढायचा, तोंड मोकळ्या दिशेला ठेवायचं आणि सगळ्यांत शेवटी तांब्याची ती चिमुकली टोपी निपलावर बसवायची. इथे वानरांना चांगली दहा मिनिटं मिळतात, कारण इथे पाद्री येतो. स्कॉटलंडात अलेक्झांडर फॉर्सिथ नावाचा एक पाद्री होता. त्याला पाखरं मारायचा नाद. त्या वेळी बंदुका चकमकीच्या. चकमक ठिणगी पाडायची, कानाजवळची रंजक भसकन पेटायची आणि मग आत बार. त्या भसक्याने पाखरं सावध व्हायची आणि छरा पोचेपर्यंत उडून जायची. मग या पाद्रीने नुसत्या ठोक्याने पेटणारी दारू वापरून नवा घोडा घडवला आणि 1807 साली त्याचं पेटंट घेतलं. तांब्याची केप त्यानंतर थोड्याच वर्षांत आली.

"देवाचो माणूस," आबा केप चिमटीत धरून सांगतात. "आयतवारी प्रार्थना, आणि सोमवारपासून पाखरां. पण डोक्या बघ कसा चालला तेचा!"

या हकिगतीत एक बारीक काटा आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने निमिषभराचा उशीर टाळण्यासाठी जन्म वेचला, आणि त्याची गोष्ट सांगण्यात आबा दहा मिनिटं घालवतात. तो काटा काकींना दिसतो. "तुमचो पाद्री झालो असलो तर बार काढा," त्या आतून म्हणतात.

घोडा पूर्ण ओढल्याचा 'कट्ट' आवाज येतो. तिसरी घंटा. वानरं निघतात. पळत नाहीत, निघतात. आणि मग जो बार होतो तो, खोटं कशाला बोला, देखणा असतो. कानठळ्या बसवणारी तडतड नसते, छातीत उतरणारा भरीव दणका असतो. पाठोपाठ पांढऱ्या धुराचा एक ढग अंगणभर उभा राहतो आणि त्या ढगात काजू, माड, वानरं आणि आबा सगळेच दिसेनासे होतात. धूर विरेपर्यंत बारापुढे काय झालं हे कोणालाही सांगता येत नाही. आबांचा नेम आजवर कोणी चुकलेला पाहिलेला नाही, तो यामुळे.

केप वाजली आणि बार झाला नाही, असंही होतं. अशा वेळी आबा अगदी वेगळे दिसतात. बोलणं थांबतं. बंदूक त्याच दिशेला रोखलेली, नातवंडांना हाताने मागे सारलेलं, आणि ते मनात आकडे मोजत उभे. आत दारू धुमसत असेल तर बार उशिरा उडतो, आणि त्या उशिरातच लोकांचे हात गेले आहेत. मिनिटभर कोणी खोकलंही तरी त्यांचे डोळे तिकडे वळतात. एरवी त्यांच्या बोलण्याला कंटाळणारी आमची वाडी त्या मिनिटात त्यांचं मुकाट्याने ऐकते. ज्याला बंदुकीची भीती वाटत नाही त्याला बंदूक समजलेली नाही, हे त्यांनी कधी शब्दांत सांगितलेलं नाही. ते ज्या तऱ्हेने उभे राहतात त्यावरून पोरांना कळतं.

बारानंतरचा खेळ काकींच्या स्वयंपाकघरात चालतो. काळी दारू सगळीच्या सगळी वायू होऊन जात नाही. निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन मागे राहतो. ती काजळी क्षारांची, ती हवेतलं पाणी ओढते. कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही, त्यामुळे संध्याकाळी उडवलेली नळी सकाळी गंजाचा रंग धरते. उपाय एकच, कढत पाणी. त्याने क्षार विरघळतात आणि नळी तापल्यामुळे आपोआप सुकते. आबा नळी दस्त्यापासून सोडवतात, निपल काढतात आणि गजाला चिंधी बांधून पाणी वर-खाली खेळवतात. पाणी काळं येतं, आणि घरभर कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तो गंधकाचा. ज्या घरात अंडं शिजत नाही त्या घराला हा वास दर बाराला सोसावा लागतो.

"चायचा टोप घेतलास?" काकी विचारतात.

"धुवून देतंय."

"गेल्या येळेकय तसाच म्हटलास. पावण्यांच्या चायक वास येय होतो."

शेवटी खोबरेल. चिंधी बुडवून, पिळून, आतून-बाहेरून. आबांच्या डोक्याला तेल लागलेलं कोणी पाहिलेलं नाही, पण नळी ऋतूत दोन बाटल्या पिते. हा हिशेब काकींकडे आहे. बाजारहाटाचे पैसे त्यांच्याकडून जातात.

काडतूसवाल्यांविषयी आबांचं मत सौम्य आहे. ते त्यांना बंदूकवाले समजत नाहीत, एवढंच. पण एकदा त्यांनी हा विषय जाहीर सभेत काढला. शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचं भाषण चाललं होतं, 1857च्या काडतुसांवर. पाहुणे सांगत होते, इंग्रजांनी काडतुसाची बंदूक आणली, त्या काडतुसांना चरबी... आबा मागच्या बाकावरून उठले.

"साहेबानू, ती ठासणीचीच."

पाहुणे थांबले. आबांनी सभेला समजावून सांगितलं. एनफिल्ड, 1853 सालचा नमुना. काडतूस म्हणजे नुसती कागदाची पुडी, आत एका बाराची दारू आणि गोळी, बाहेरून चरबीचा हात. पुडीचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. पितळी काडतूस आणि मागून भरणं हे नंतरचं. चरबी गाईची की डुकराची, ही शंका त्या दाताशी येऊन पेटली. सगळी शाळा ऐकत होती. मग आबांनी, कोणी विचारलं नसताना, ओठ वर करून आपले पुढचे दात पडल्याचं दाखवलं आणि आपण कंपनी सरकारच्या पलटणीत कसे नालायक ठरलो असतो ते सांगितलं. टाळ्या पडल्या. पाहुण्यांना पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त. इतिहासाचे मास्तर त्यानंतर पुष्कळ दिवस दुसऱ्या रस्त्याने जात.

पुतण्याचा उल्लेख वर आलाच आहे. तो पेनसिल्व्हेनियात संगणकाचं काही करतो आणि काकाला बरं वाटावं म्हणून बंदुकांची माहिती काढून फोन करतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण एकदा त्याने सांगितलं की अमेरिकेच्या 1968च्या केंद्रीय कायद्यात असल्या जुन्या घडणीच्या ठासणीच्या बंदुका बंदूक या व्याख्येतच बसत नाहीत, त्या टपालाने घरपोच येतात. पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझ्या पणज्याची बंदूक, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, तिची पावती जपायची, तिच्यासाठी पाच रुपयांच्या तिकिटापासून कलेक्टरच्या शिक्क्यापर्यंत सगळं करायचं, आणि अमेरिकेत ती बंदूकच नव्हे?

"मग काय आसा ती थय? काठी?"

पुतण्याने विषय बदलायला दुसरी गोष्ट सांगितली. त्याच्या राज्यात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, आणि त्यात केपेलाही मनाई आहे. फक्त चकमकीची बंदूक चालते. आबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ते अजून 1807च्या पलीकडेच आसत!" त्यानंतर आठवडाभर ते अमेरिकेविषयी फार मायेने बोलत होते.

जपानची बाजू त्यांनी स्वतःच सांभाळली आहे. 1543 साली पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, तिथल्या सरदाराने त्यांच्याकडून तोड्याच्या दोन बंदुका विकत घेतल्या, आणि पुढे जपानात असल्या बंदुकांना त्या बेटाचंच नाव पडलं. हा इतिहास सर्वांचा आहे. त्या बंदुकांच्या चापाची घडण गोव्याकडच्या कारागिरीशी जुळते, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. यापुढचं आबांचं. गोवा म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की आलाच. गोव्याचे लोहार म्हणजे आपल्याच नात्यागोत्यातले. तेव्हा जपानला बंदूक कोणी दिली ते तुम्हीच ठरवा. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा भरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती 1971पासून आहे, आणि तिच्या एका प्रकाराचं नावच 'तानेगाशिमा' आहे. पन्नास मीटरवरून तोड्याच्या बंदुकीने नेम धरायचा. हे कळल्यावर आबांनी पंधरा दिवस परदेशी जायचा विचार केला. अडचण एकच निघाली. तिथे धूर विरल्यावर पंच जाऊन कागदावरची भोकं मोजतात.

निवडणुकीचे महिने त्यांना जड जातात. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात. आबा तिला चादरीत गुंडाळून एसटीने नेतात आणि जमा करताना तिथल्या पोराच्या वयाच्या शिपायाला गज टाकून रिकामी असल्याची खात्री पटवतात. शिपायाला एका सहीची घाई असते. आबा त्याला गज दोनदा टाकायला लावतात. मधल्या काळात ते एखाद्या रविवारी ठाण्यासमोरून जातात, आत डोकावतात आणि तेल लागतंय का विचारून येतात. काजूचा हंगाम आणि निवडणूक एकत्र आली त्या वर्षी वानरांनी बाग जवळजवळ धुतली. एरवीच्या मानाने नुकसान कितीसं जास्त झालं, असं मी काकींना विचारलं होतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "तसा काय फरक पडाक नाय. पण घरात वास नव्हतो."

परवान्याचं नूतनीकरण मात्र आबांचा सण. पूर्वी तो तीन वर्षांनी यायचा. 2019च्या दुरुस्तीने मुदत पाच वर्षं केली आणि लोकांची सोय झाली. आबांना ती सोय पसंत नाही. कचेरीत बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे तिथलं ऐकणं पक्कं असतं. ते आता पाच वर्षांतून एकदाच मिळणार.

गेल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, नुकत्या बदलून आलेल्या, घाटावरच्या. त्यांनी कागद चाळले आणि साध्या कुतूहलाने विचारलं, "आजोबा, प्रयोजन शेतीसंरक्षण लिहिलंय. किती जनावरं मारली आजपर्यंत?"

"मारूक परवानगी नाय."

"मग बंदूक कशाला लागते?"

मागे रांग होती. रांगेतल्या ज्यांना आबा माहीत होते त्यांनी खाली बघितलं. एक जण चहा प्यायला निघून गेला. आबांनी खुर्ची पुढे ओढली, प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली, हात जुळवले आणि सुरुवात केली, "बाईनू, तुमका आधी दारू समजूक व्हयी. तेच्यात सोरा पंचाहत्तर. सोरा म्हणजे काय, तर..."

बाईंनी सोऱ्यापर्यंत ऐकलं. कोळसा कोणत्या लाकडाचा चांगला, हे सुरू झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा आणि रांगेकडे एकदा पाहिलं. मग शिक्का उचलला, शाईत दाबला आणि जिथे जिथे लागत होता तिथे आणि एक-दोन ठिकाणी लागत नव्हता तिथेही उमटवला. पाच वर्षांची मुदत पडली. असं झटपट काम त्या कचेरीत मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर आबा पायऱ्यांवर थांबले. कागद घडी करून पिशवीत घातले. चेहरा पडलेला.

"झालं की काम," मी म्हटलं.

"काय झाला?" आबा म्हणाले. "गंधकापर्यंत पोचाक दिल्यान नाय मेल्यान, आणि म्हणे मंजूर."